सुरक्षेचं बजेट आखताना या चुका टाळा

जानेवारी उजाडला की वाळूज, शेंद्रा, जालना इकडची नवी सेफ्टी ऑफिसर पोरं बजेटचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. कारखाने वेगळे असतात, चुका त्याच. मागच्या वर्षीची शीट उघडायची, प्रत्येक आकड्यावर दहा टक्के चढवायचे आणि साहेबांना मेल करायची. शॉपमध्ये एक फेरीसुद्धा मारलेली नसते. रात्रपाळीची तर नाहीच.

वस्तू घ्यायचे पैसे धरता, ती सांभाळायचे धरत नाही

ही चूक मी स्वतः केलेली आहे. जालना-परभणी पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये आम्ही हायड्रंट, म्हणजे आग विझवायची पाण्याची लाइन, बसवलं. नवा पंप, पन्नास हजार लिटरची टाकी; मालकानं कुठंही हात आखडता घेतला नाही. चालू खर्चाचा रकाना मात्र मी कोरा सोडला. त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि फेब्रुवारीतच बोअर आटलं. टँकरला पैसे मंजूर नव्हते, म्हणून संडास-बाथरूमला, चहाला, प्रेसिंगआधी रुईवर मारायला, सगळं पाणी याच टाकीतून जाऊ लागलं. मला ते दिसत होतं. पाऊस पडेल, भरेल, असं मी धरून चाललो.

मार्चमधल्या एका दुपारी कापसाच्या गंजीतून धूर निघाला. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. गंजी फोडत फोडत तासन्‌तास पाणी मारावं लागतं. आमच्या नळीला चार-पाच मिनिटं दाब आला आणि मग नुसती हवा. तालुक्याहून बंब येईपर्यंत अर्धी गंजी गेली. जळता कापूस ओढून बाजूला करताना एका हमालाचे दोन्ही हात भाजले. पुढच्या हंगामाला तो आला नाही.

तेव्हापासून माझ्या शीटमध्ये प्रत्येक वस्तूपुढं दुसरा रकाना असतो: ही वर्षभर चालू ठेवायला काय लागेल? आगीचे सिलिंडर असतील तर रिफिलिंग आणि प्रेशर टेस्ट. क्रेन, चेन पुली, स्लिंग (वजन उचलायचे पट्टे) असतील तर सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी, लिफ्ट आणि होइस्टची दर सहा महिन्यांनी. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून हे चालत आलंय. हायड्रंट असेल तर पंपाचं डिझेल, आठवड्याची चाचणी आणि आपल्या भागात टँकर. टाकी एकच असेल तर वापराच्या पाण्याचा पाईप वर उचलून घ्या, म्हणजे त्याखालचं पाणी आगीसाठीच शिल्लक राहतं. प्लंबरचं एक-दोन दिवसांचं काम आहे. पातळीची लाल खूण मी गेटवरून दिसेल अशी काढायला लावतो.

मस्टरवरची (हजेरीपटावरची) डोकी मोजता

रोलिंग मिलमध्ये कायम कामगार साठ असतात आणि भट्टीपाशी तापल्या बिलेटला (लोखंडाच्या कांबीला) सांडशी लावणारे बिहार-यूपीचे दीडशे. शीटमध्ये बूट साठ. विचारलं की उत्तर येतं, ‘बाकीचं ठेकेदार बघतो.’ ठेकेदार काय बघतो ते त्यांच्या पायाकडं पाहिलं की कळतं. कारखान्याच्या कायद्यानं ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच आहे. मी मस्टर मागत नाही. तिन्ही पाळ्यांना गेटवर उभा राहून माणसं मोजतो आणि त्याच वहीत बुटाचे नंबर लिहितो. एकदा सगळे बूट आठ आणि नऊ नंबरचे आले. पॅकिंगमधल्या बायकांनी महिनाभर वापरून पाहिले आणि पुन्हा चपला घातल्या. भट्टीवरच्या माणसाचा बूट वर्ष काढत नाही, हेही धरा.

उन्हाळा नव्या बजेटमध्ये टाकता

आर्थिक वर्ष एप्रिलला लागतं, मंजुरी मेमध्ये, पीओ (खरेदीची ऑर्डर) निघेपर्यंत जून. तोवर ४२-४३ अंशांचे दिवस संपलेले असतात. कूलर, पाण्याचे जार, ओआरएस, विश्रांतीची सावली हे सगळं चालू वर्षाच्या पैशातून फेब्रुवारीत घ्या. अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय १९४८ च्या जुन्या कायद्यातही सक्तीची होती. भट्टीवर मात्र वीस माणसं असली तरी ती लागतेच.

बाकीच्या थोडक्यात. हेल्मेट, बूट, हार्नेस यांवर आयएसआय खूण नसेल तर स्वस्त दर घेऊ नका. प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे ट्रेनरची फी नव्हे. त्या दोन तासांत लाइन थांबते, ते पैसे धरले नाहीत तर प्रॉडक्शनवाले माणसं सोडत नाहीत. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाचे बॅनर आणि टी-शर्ट वेगळ्या खात्यात टाका, मशीनच्या गार्डच्या पैशाला हात लावू नका. प्रथमोपचार पेटी दीडशे माणसांमागे किमान एक, आणि ती उघडता येणारा माणूस प्रत्येक पाळीत.

घाई असलेल्यांना तयार फॉरमॅट हवा असतो. मी देत नाही. पण एक सवय सांगतो: एकूण रकमेचा दहावा भाग कशावरही न लिहिता राखून ठेवा. वर्षात एखादी स्लिंग तुटता तुटता वाचते, एखाद्याचा हात रोलरमधून निसटतो. अशा वेळी गार्ड बसवायला त्याच आठवड्यात पैसे हातात लागतात. अकाउंट्सवाले हा आकडा खोडतील. मागच्या वर्षीची नियर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची, वही घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि एकेक नोंद वाचून दाखवा.