मुंबईच्या फेरीत जुन्या वस्तू शोधताना : अमेरिकेत नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

इथे नव्याने आलेली मराठी जोडपी पहिल्या दोन-चार महिन्यांतच घर भरून टाकतात. सोफा, दिवे, भिंतीवरची चित्रं, सगळं एकाच दुकानातून. माझं सांगणं असं, की झोपायला गादी आणि जेवायला टेबल घ्या, बाकीचे कोपरे मोकळे राहू द्या. आई-वडिलांना भेटायला मुंबईला जाल तेव्हा त्या कोपऱ्यांची मापं फोनमध्ये घेऊन जा. तुम्हाला हवं ते तिथे आत्ता घराघरांतून बाहेर पडतंय. गिरगाव, दादर, परळमधल्या चाळी आणि जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. नव्या फ्लॅटला माळा नसतो. मग बंब, घंगाळं, पितळी डबे, चौरंग मोडीत निघतात आणि किलोच्या भावाने जातात. ते पाहून जीव तुटतो.

म्हणून बाजाराच्या आधी घरचा माळा बघा. मागायची पद्धत मात्र सांभाळा. उतरल्या दिवशी शोकेसकडे बोट दाखवू नका. एखाद्या दुपारी आईला नाहीतर काकूला विचारा, ही समई कुठून आली, हा अडकित्ता कुणाचा, आणि त्यांना बोलू द्या. वस्तूपेक्षा ते बोलणं मोलाचं आहे, आणि भेटायला गेलात ते त्यासाठीच. घरात भाऊ-वहिनी राहत असतील तर वहिनीला आधी विचारायचं. आई-वडिलांचं दुखणं-खुपणं ती बघते, घरातल्या वस्तूंवर पहिला हक्क तिचा. नातेवाइकांकडे ‘मला द्या’ असं न म्हणता ‘कधी मोडीत काढणार असाल तर आधी मला कळवा’ एवढंच सांगून ठेवा. पुढच्या फेरीपर्यंत कुणाचा तरी फोन येतोच.

भांडं हातात आलं की काठाखाली आणि बुडाशी नीट बघा. आपल्याकडे लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घालायची पद्धत होती. देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीख. घरातल्या कुणालाही माहीत नसलेलं नातं अशा एका ओळीत सापडतं. बाजारात दुसऱ्या कुणाच्या घरातलं असं भांडं मिळालं तरी मी तेच घेईन. दुकानदार ‘शंभर वर्षं जुना माल’ म्हणत असतो, आणि बुडाशी १९५८ लिहिलेलं असतं. पॉलिशला देताना मात्र बजावून सांगा, की नावावर मशीन फिरवायचं नाही. जोरात बफ केलं की ती टिंबं पुसट होतात. घरच्या घरी चिंच आणि मीठ पुरतं.

घरी काही मिळालं नाही तर चोर बाजार. ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला चालत जाता येतं. जुन्या वस्तूंची दुकानं मटण स्ट्रीटवर आहेत. शुक्रवारी ती बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. त्या गर्दीत वडीलधाऱ्यांना नेऊ नका, इतर दिवशी अकरा-साडेअकराला निवांत जा. आणि त्यांना न्याच. जिने जन्मभर पितळ घासलं ती बाई भांडं उचलून वजनावरून सांगते, पत्रा आहे की ओतीव. तुम्ही लोहचुंबक खिशात ठेवा. पितळेला तो चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. लाकडी पेटीचे स्क्रू बघा. डोक्यावर अधिकच्या खुणेसारखी खाच असलेला स्क्रू १९३० नंतर प्रचारात आला, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवलं की ‘ब्रिटिशांच्या वेळची’ पेटी लगेच स्वस्त होते. पायाशी पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर आत कीड आहे, हात लावू नका. चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन तिथे भरपूर दिसतील. त्यातले पुष्कळसे वेगवेगळे सुटे भाग जुळवून केलेले नवे असतात. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला, पण तिथे छापलेल्या चित्रांच्या नव्या छपाया करून, चहाच्या पाण्यात पिवळ्या करून विकल्या जातात. चित्र आवडलं तर नव्याच्या भावात घ्या.

ओशिवऱ्याला, जोगेश्वरी पश्चिमेला, लाकडी फर्निचरचा मोठा बाजार आहे. मोठं काही जहाजाने आणायचं असेल तरच तिथे जा.

आता कायदा, आणि इथे अजिबात ढिलाई नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, कलाकुसरीची वस्तू पुरावशेषात मोडते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. भांड्यावरची तारीख इथे कामी येते. मूर्तीबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे, सायन किल्ल्याशी, ती पुरावशेष नसल्याच्या दाखल्याची चौकशी करा. हे सुट्टीच्या सुरुवातीलाच करा. हस्तिदंत, सांबरशिंग, कासवाची पाठ आजोबांची असली तरी आणू नका. शिसवी लाकूड २०१७ पासून ‘साइट्स’ या वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना त्यात सूट आहे, त्यामुळे छोटा देव्हारा चालेल, कपाट नाही. माती चिकटलेली असेल तर घासून काढा, अमेरिकेत माती आणायला बंदी आहे.

इकॉनॉमीला बहुधा प्रत्येकी २३ किलोची बॅग असते आणि पितळ वजन खातं. समई पेच सोडवून सुटी करा, प्रत्येक भाग जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. बरणीत मसाल्यांच्या पिशव्या भरा, म्हणजे जागा वाया जात नाही. काचेची हंडी हातातल्या सामानात, अडकित्ता मात्र मोठ्या बॅगेत. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतात.

इथे पोहोचल्यावर आणलेल्या विजेच्या दिव्यांकडे लक्ष द्या. मुंबईचा होल्डर दोन पिनांच्या बल्बचा आणि २३० व्होल्टचा, इथला आट्यांचा आणि १२० चा. होल्डर आणि वायर दोन्ही बदलून घ्या, जुनी वायर तशीच लावू नका. जुन्या पितळी भांड्यात स्वयंपाक करू नका. कल्हई उडालेली असते, आंबट पदार्थ कळकतात, आणि पितळेत शिसंही असू शकतं. शोभेला ठेवा, फुलं ठेवा. मुंबईच्या दमट हवेत मुरलेलं लाकूड इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने तडकतं, म्हणून चौरंग-देव्हारा गरम हवेच्या झडपेपासून लांब ठेवा आणि त्या खोलीत ह्युमिडिफायर लावा.