बोटी मोजू नका, बोली लावणारे मोजा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे हर्णैच्या बंदरावर माझी लिलावाची वहीही बंद. मग त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी बिटकॉइनचं मायनिंग (यंत्रांनी व्यवहार नोंदवून नवी नाणी मिळवायचं काम) किती जणांच्या हातात आहे ते मोजतो. पद्धत लिलावाचीच. होड्या कितीही लागोत, माल उचलणारे व्यापारी मोजकेच. मायनिंगची यंत्रंही जगभर पसरलेली, पण ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या एकेका गठ्ठ्यात, कुठले व्यवहार घालायचे ते बहुतेक वेळा पूल ठरवतो. (खाडीवरचा नव्हे, यंत्रवाल्यांनी एकत्र येऊन केलेला.)

आधी लागोपाठचे २०१६ ब्लॉक घ्या, म्हणजे साधारण दोन आठवडे. प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या व्यवहारात, ज्याला कॉइनबेस म्हणतात, पूल आपली खूण ठेवतो. ती वाचून पुलाच्या नावापुढे रेघ मारा. एका दिवसावर भागवू नका. दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक. २५ टक्केवाल्याला ३६ मिळायला हवेत, पण नुसत्या नशिबाने ३१ किंवा ४१ सहज होतात. एका दिवसाच्या पापलेटावरून कोणी हंगाम ठरवत नाही.

आता हिशेब. समजा चार पुलांचे वाटे ३०, २०, १५, १० टक्के आणि उरलेले २५ जण एकेक टक्क्याचे. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज: ९०० + ४०० + २२५ + १०० + २५ = १६५०. हा हर्फिंडाल निर्देशांक; जितका मोठा, तितकं मायनिंग थोड्यांच्या हातात. एकच मालक असेल तर १०,०००. नाकामोटो गुणांक त्याहून सोपा: निम्म्याच्या वर जायला कमीत कमी किती जण लागतात? पहिले दोघं मिळून बरोब्बर ५०, म्हणजे अजून निम्म्याच्या वर नाहीत. उत्तर ३.

खरी मेख खुणेत आहे. २०२४ मध्ये अभ्यासकांना काही छोट्या पुलांचे आणि अँटपूल या मोठ्या पुलाचे ब्लॉकचे साचे (कुठले व्यवहार घालायचे त्याची यादी) एकसारखे दिसले. नावं वेगळी, बोली एकाची. वरच्या उदाहरणात २० आणि १५ वाले एकच निघाले तर निर्देशांक २२५० आणि गुणांक २. म्हणून दोन रकाने ठेवा: खुणेप्रमाणे आणि संशयाप्रमाणे.

बिनखुणेचे ब्लॉक मी पहिल्या वर्षी ‘अनोळखी’ म्हणून एकाच ओळीत कोंबले आणि बेरीज उगाच फुगली. आता एकदा प्रत्येकाचा मालक वेगळा धरतो, एकदा सगळे सर्वांत मोठ्या पुलाच्या पदरात टाकतो. खरा आकडा या दोघांच्या मध्येच कुठेतरी.