जपानमधली जुनी ठिकाणं पाहताय? वेळेच्या या चुका टाळा

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला निघताना आपण आधी विचारतो, ‘ओहोटी कधी आहे?’ हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जाताना मात्र हा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही. मग पाण्यावर तरंगणारं लाल तोरी, म्हणजे मंदिराची कमान, बघायला आलेल्यांना चिखलात उभे खांब दिसतात आणि मन खट्टू होतं. इत्सुकुशिमा मंदिराचं हे महाद्वार सुमारे 16 मीटर उंच आहे. त्याचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत, ते स्वतःच्या वजनावर उभं आहे. पाणी 250 सेंटिमीटरच्या वर गेलं की मंदिर तरंगल्यासारखं दिसतं. 100 च्या खाली उतरलं की तोरीपर्यंत चालत जाता येतं. माझं ऐकाल तर दोन्ही बघा. त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच फेरीबोट धरा. वेळ चुकलीच तर लगेच परतू नका. 535 मीटर उंचीच्या मिसेन डोंगरावर जाऊन या. खाली येईपर्यंत समुद्राने रूप बदललेलं असेल.

क्योतोत घोळ होतो तो घड्याळाचा. निवांत नाश्ता करून दहाला बाहेर पडलात, तर फुशिमी इनारीच्या कमानींमध्ये माणसंच माणसं. हे देवस्थान रात्रंदिवस उघडं असतं, तिकीटही नाही. कियोमिझु-देरा मंदिर सकाळी सहाला उघडतं. ही दोन्ही पहाटेसाठी ठेवा. नऊला उघडणारं किन्काकु-जी मंदिर नंतर करा. बरीच मंदिरं पाचच्या सुमारास बंद होतात. फुशिमीला उशीर झालाच, तर पायथ्याशी फोटोसाठी अडून न राहता वर चढत राहा. डोंगरवाटेवरच्या योत्सुत्सुजी चौकाच्या पुढे गर्दी विरळ होते आणि डोंगर खरा तिथेच भेटतो.

किल्ला एकच बघणार असाल तर हिमेजी बघा. ओसाकाचा आजचा बुरूज 1931 सालचा, काँक्रीटचा. हिमेजीचा 1609 चा, लाकडी. आत बूट काढावे लागतात आणि जिने फार उभे आहेत. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना आधीच सांगा.

रेल्वेचा पास डोळे झाकून घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या जेआर (जपान रेल्वे) पासची किंमत 29,650 वरून 50,000 येन झाली. नुसतं तोक्यो-क्योतो जाऊन-येऊन साधारण 28,000 येन होतात, तेव्हा सुटी तिकिटंच स्वस्त पडतील. आणि संग्रहालयं सोमवारी धरू नका. बहुतेक बंद असतात, आणि त्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असेल तर मंगळवारी.