एका रुपयाचा फरक

मी बी.कॉम. झाले आणि तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून चिकटले. पिग्मीच्या पावत्या, कर्जखाती, महिनाअखेरीला व्याजाची आकारणी, असं सगळं. प्रोग्रामिंगला हात लावला तो २७ व्या वर्षी, कुणीही शिकवायला नसताना. आता पुण्यात त्याच कामावर पोट चालतं. ‘घरबसल्या जमतं का गं?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला फोनवर जे तासभर सांगत बसते, ते एकदाचं लिहून काढतेय.

सुरुवातीलाच आपटले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं एक जुनं पुस्तक निम्म्या किमतीत आणलं होतं. पहिल्या धड्यातली पहिली ओळ, प्रिंट आणि पुढे अवतरणात एक शब्द, जशीच्या तशी टाइप केली तर एरर. चारदा ताडून पाहिली. दोन दिवस मला वाटत होतं लॅपटॉपच बिघडलाय. पुस्तक होतं पायथन २ चं आणि मी डाउनलोड केलेलं पायथन ३. नव्या आवृत्तीत प्रिंटला कंस लागतो. एररमध्ये ते चक्क लिहिलेलं होतं, ‘मिसिंग पॅरेन्थेसिस’, कंस राहिलाय म्हणून. पण लाल अक्षरं दिसली की मी घाबरून खिडकीच बंद करायची! पायथन ३ आलं २००८ साली आणि पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला, तरी त्या काळातली पुस्तकं नि व्हिडिओ अजून फिरतातच. तेव्हा शिकायचं साहित्य घेताना आधी आवृत्ती बघा. आणि एरर वाचायची ती खालून वर. काय बिनसलं ते शेवटच्या ओळीत असतं, कुठे बिनसलं ते तिच्या वर.

मग एका क्लासला पैसे भरले. तिथे महिनाभर ताऱ्यांचे त्रिकोण छापून घेतले. उभा त्रिकोण, उलटा त्रिकोण, पोकळ त्रिकोण. या त्रिकोणांचं करायचं काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सोडला. पैसे अर्थातच परत आले नाहीत.

खरं शिकणं सुरू झालं ते एका महिनाअखेरीला. कर्जखात्यांचं महिन्याचं व्याज आम्ही हाताने काढून खतावणीत चढवायचो. म्हटलं, हेच पायथनला सांगून बघू. मुद्दल गुणिले वार्षिक दर भागिले १२००, आणि उत्तर पूर्ण रुपयात. त्यासाठी राउंड नावाची सोय आहे, ती वापरली. चाळीस खात्यांचे आकडे घेतले (नावं आणि खाते क्रमांक बदलून, सभासदांची खरी माहिती घरच्या लॅपटॉपवर नेऊ नये, एवढं भान होतं). प्रोग्राम न कुरकुरता चालला. एकही एरर नाही. आणि ताळा घेतला तर तीन खात्यांत एकेक रुपया कमी!

१२,२५० वर १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं १२२ रुपये ५० पैसे. खतावणीत १२३. पायथन म्हणतं १२२. बरं, पन्नास पैसे खाली टाकतंय म्हणावं, तर १२,३५० च्या खात्यात १२३.५० चे बरोबर १२४ केलेले. म्हणजे एकाला वर, एकाला खाली. आमच्या हेडक्लार्क काकांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘तुझं मशीन माणूस बघून व्याज लावतंय.’

तीन रात्री गेल्या. शेवटी पायथनच्या स्वतःच्या माहितीपानांत सापडलं. नेमका अर्धा आला की पायथन ३ मधलं राउंड जवळच्या सम संख्येकडे जातं. १२२ सम, म्हणून खाली. १२४ सम, म्हणून वर. नेहमी वरच ढकलायचे तर अर्धे खूप असले की बेरीज फुगत जाते, ती फुगू नये म्हणून ही पद्धत. आमच्या संस्थेत मात्र पन्नास पैशांना पुढचा रुपया, असा रिवाज. त्यासाठी डेसिमल नावाचं वेगळं मॉड्यूल (तयार कोडचा संच) आहे, त्यात ‘राउंड हाफ अप’ म्हणून सांगावं लागतं. त्या तीन रात्रींत मी जेवढं शिकले तेवढं क्लासच्या महिन्यात नाही. आकडे संगणकात कसे साठवतात, ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ का दाखवतं, पैशांचा हिशेब पूर्णांकात का ठेवावा, हे सगळं त्या एका रुपयामागे लागून कळलं.

म्हणून नव्या माणसाला माझा पहिला सल्ला हाच असतो की उत्तर हाताने काढता येईल असंच काम निवडा. भिशीचा हिशेब, दुधाचं फॅटवारी बिल, वर्गाचा निकाल, सोसायटीचा मेंटेनन्स. चुकलेला प्रोग्राम दर वेळी एरर देत नाही. खोटं उत्तर देऊन शांत बसतो. ते खोटं तुम्हाला ओळखता आलं पाहिजे.

आपल्या भाषेचेही काही चकवे आहेत. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथनला विचारा, ५ सांगेल. तुम्ही मोजाल ३. काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली तर ज्ञानेश्वर शेवटी न येता ‘ज’ मध्ये जाऊन बसतो, आणि आपल्याकडे ‘ह’ नंतर येणारा ‘ळ’ तिथे ‘ल’ ला चिकटून येतो. विंडोजवर मराठी नावांची फाइल उघडून भलतीच अक्षरं दिसली तर उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं लिहून बघा. फाइल जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधली असेल तर त्यानेही भागत नाही, आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

लॅपटॉपचं फार मनावर घेऊ नका. माझा जुना, ४ जीबी रॅमचा होता. तोही नसेल तर गूगल कोलॅब ही पायथन चालवायची सोय ब्राउझरमध्येच चालते. मोबाइलवर टाइप करणं वैतागवाणं आहे, पण एसटीत तासभर बसायचंच असेल तर चालून जातं. इंग्रजीची धास्ती मलाही होती. एररमधले तेच ते पंचवीस-तीस शब्द महिन्याभरात ओळखीचे होतात.

आता एआय आहे, विचारलं की कोड हातात. मीही रोज वापरते. पण शिकत असताना ‘लिहून दे’ म्हणू नका, ‘माझं कुठे चुकलं’ एवढंच विचारा. त्या राउंडचं उत्तर मला दोन सेकंदांत मिळालं असतं तर मी ते विसरूनही गेले असते.

वेळ म्हणाल तर रोज पहाटे सव्वा तास. दीड वर्ष. मध्ये दोनदा पूर्ण सोडून दिलं होतं. मुलाखतीत प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही. माझा व्याजाचा प्रोग्राम उघडून समोरच्यांनी विचारलं, ‘इथे साधं राउंड का नाही वापरलं?’ पुढची दहा मिनिटं मीच बोलत होते. नोकरी मिळाली, पण सुरुवातीचा पगार पतसंस्थेपेक्षा थोडाच जास्त, आणि वर पुण्याचं घरभाडं. पहिले आठ महिने घरून पैसे मागवावे लागले, तेवढी तजवीज करूनच गाव सोडा.