ओली हळद, लिंबाच्या बिया, कोंब आलेलं रताळं: टाकू नका, लावा

गणपतीत पातोळ्या करायच्या तर हळदीची पानं शोधत मार्केटभर फिरावं लागतं, म्हणून आधी हळदच सांगते. जानेवारीत लोणच्यासाठी ओली हळद आणतो ना, त्यातले दोन-तीन जाड तुकडे बाजूला काढायचे आणि फ्रिजमध्ये न ठेवता कांद्याच्या टोपलीत तसेच पडू द्यायचे, एप्रिलपर्यंत डोळे फुगतात. अक्षय तृतीयेच्या आसपास 10-12 इंच रुंद कुंडीत, डोळा वर ठेवून, 2 इंच मातीखाली लावा. कोंब दिसायला तीन-चार आठवडेसुद्धा लागतात आणि नेमकं तेव्हाच आपण धीर सोडून रोज पाणी घालतो, माझा पहिला गड्डा असाच कुजला, खूप वाईट वाटलं होतं. तोवर माती नुसती ओलसर हवी. पावसाळ्यात मोठी पानं येतात, बाहेरची एक-दोनच काढा, कारण खालचा गड्डा त्या पानांच्या जोरावरच पोसतो. थंडीत पानं वाळली की झाड मेलं समजू नका, पाणी बंद करा, नंतर उकरा, खाली नवीन हळद असते!

आल्याचंही असंच.

लिंबाच्या बिया मात्र वाळू द्यायच्या नाहीत, वाळल्या की उगवण फार कमी होते. सरबत केलं त्याच दिवशी बिया धुवा, बुळबुळीतपणा गेला की वरचं पांढरं साल नखाने हळूच सोला, ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत ठेवा. दोन आठवड्यांत मूळ दिसतं. कधीकधी एका बीतून दोन रोपं येतात, त्यातलं एक बहुतेक वेळा अगदी आईझाडासारखंच असतं, मला हे फारच भारी वाटतं. घरात लिंबं धरतील ही आशा नको, पण पान चुरगळलं की काय वास येतो!

रताळं अर्धं पाण्यात बुडेल असं ग्लासात उभं करा, पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, वेल किचनच्या खिडकीभर पसरतो आणि कोवळ्या पानांची भाजीही होते.

कोथिंबिरीसाठी अख्खे धणे घ्या, धणाडाळ नको, ती भाजलेली असते. लाटण्याने हलकेच दाबून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, पेरा, उन्हाच्या खिडकीत ठेवा. आठ-पंधरा दिवस लागतात.