हापूसच्या गिऱ्हाइकांचा ग्रुप काढताय? आधी साक्याचं लिहा

दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट बघण्यापेक्षा घरोघर थेट आंबा द्यावा, म्हणून दोन हंगामांपूर्वी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि ऐन अक्षय्य तृतीयेला स्वतःच्या हाताने बुडवला. यंदा पुन्हा काढतोय. वाडीतल्या दोघा-तिघांनी तयारी काय करायची ते विचारलं, म्हणून लिहून काढतो.

फोन, नाव, ग्रुपचा फोटो तुमचं तुम्ही बघा. पहिलं काम साक्याचा मजकूर. साका म्हणजे हापूसचा गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष. एकही माणूस ग्रुपात यायच्या आधी तो लिहून तयार हवा. का ते सांगतो, पण आधी माणसांचं.

जुन्या वहीतले नंबर उचलून ग्रुपात कोंबू नका. मी एका रात्रीत दीडशे जण घातले, सकाळपर्यंत निम्मे बाहेर. लिंक पाठवा, यायचं तो येईल. तीस आले तरी पुष्कळ. साध्या ग्रुपात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. माझ्याकडे एक व्यापारी गिऱ्हाईक म्हणून शिरला आणि आठवड्यात सगळ्यांना त्याचे दर गेले. कम्युनिटी काढलीत तर तिच्या घोषणांच्या ग्रुपात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. दर, पेट्या, तारखा तिथे टाका. गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि तिथे नंबर दिसतो हे आधीच सांगा.

सुरुवात मोहोरापासून करा, दरापासून नको. तुडतुडे, फुलकिडे, अवकाळीने काळवंडलेला मोहोर, झाडाखाली गळलेल्या सुपारीएवढ्या कैऱ्या, सगळं दाखवा. गळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस मार्चमधला दर ऐकून भांडत नाही. खरंच नाही भांडत, हा एक भाग मला तेव्हाही जमला होता.

'खरा हापूस कशावरून' हे कुणीतरी विचारणारच. 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो आधीच टाकून मोकळे व्हा.

आता साका. तृतीयेच्या आदल्या दिवशी मी बागेत, रेंज नाही. पुण्याच्या एका काकूंनी कापलेल्या फळाचा फोटो टाकला. गर पांढरट, स्पंजासारखा. खाली फक्त 'हे काय आहे?' एवढाच प्रश्न. कुणी म्हणालं कार्बाइड, कुणी म्हणालं कर्नाटकातला माल. संध्याकाळी घरी येऊन फोन उघडला तर नऊ फोटो, त्यातल्या दोन फोटोंतल्या पेट्या माझ्या नव्हत्याच! मी रात्री साका समजावत बसलो. चिडलेल्या माणसाला साका समजावला की ती सबब वाटते. तेच महिनाभर आधी सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून घेतलं असतं.

म्हणून लिहा: साका बाहेरून ओळखू येत नाही, फळ कापल्यावरच कळतो. हापूसला तो इतर आंब्यांपेक्षा जास्त धरतो. उन्हाची आणि तापलेल्या जमिनीची धग फळाला सोसत नाही, म्हणून आम्ही फार पिकू न देता, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठासकट, उन्हाच्या आधी काढतो आणि सावलीत ठेवतो. तरी एखाद्या फळात निघतो. निघाला तर काय, हेही तिथेच लिहा. माझ्याकडे पेटी मिळाल्यापासून आठ दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो आला की फळ पुढच्या पेटीत भरून मिळतं, वाद नाही. तुमचा नियम वेगळा असेल, पण असू दे आणि लिहिलेला असू दे. मजकूर वर पिन करा. पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, नंतर पुन्हा लावा.

आणि उत्तर देणारा माणूस. तोडणी-भरणीच्या दिवसांत तुमच्याकडून होणार नाही, उगाच हो म्हणू नका. आमच्याकडे वहिनी बघते. घरी रेंज आहे, ती चिडत नाही आणि साक्याचा मजकूर तिला पाठ आहे.

जुनी, जाणती गिऱ्हाइकं चार तरी आत हवीत. आढी कशी लावायची, कच्चा आंबा फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, हे दादरच्या आजींनी सांगितलेलं लोक ऐकतात. आपण सांगितलं की जाहिरात वाटते.

राहिलं ते भराभर. दर फळाच्या वजनावर सांगा, नुसता डझनावर नको. पैसे आधी. शहरात एकेका सोसायटीत पेट्या उतरवायला एक घर ठरवा आणि त्या घराला एक डझन द्या. गुड मॉर्निंगवाल्यांना एकदा सांगा, मग काढा. पावसाळ्यात ग्रुप पार गप्प ठेवू नका, आंबापोळीचा एखादा फोटो पुरतो.

साक्याचा मजकूर झाला का लिहून?