घरपट्टीचे बिल कसे वाचावे, तपासावे आणि भरावे

घरपट्टीचे बिल हाती पडले की बहुतेकांची नजर सर्वांत खालच्या आकड्यावर जाते. आकडा गेल्या वर्षीइतकाच असला तर बिल भरले जाते, जास्त असला तर थोडी कुरकुर होते आणि मग तेही भरले जाते. पण तो आकडा म्हणजे केवळ उत्तर असते. ज्या माहितीवरून ते काढलेले असते, म्हणजे घराचे क्षेत्रफळ, त्याचा वापर, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष, ती कोणीतरी कधीतरी पाहणी करून दप्तरात लिहून ठेवलेली असते. तिथे झालेली चूक दरवर्षी नव्या बिलावर जशीच्या तशी उतरते. म्हणून महाराष्ट्रातील रहिवाशाने हा कर भरताना आधी नोंद वाचावी आणि मग पैसे मोजावेत, असा क्रम या लेखात धरला आहे.

आपला कर कोण आकारते

एकाच कराला मुंबईत मालमत्ता कर, पुण्यात मिळकतकर आणि गावोगावी घरपट्टी म्हणतात. मुंबईत तो १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली आकारला जातो, इतर महानगरपालिकांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींमध्ये १९६५ च्या अधिनियमाखाली आणि गावांत ग्रामपंचायत अधिनियमाखाली. हे तपशील कोरडे वाटले तरी निरुपयोगी नाहीत, कारण शेजारच्या शहरातील नातेवाइकाला मिळालेली सवलत आपल्याला का मिळत नाही, याचे उत्तर बहुधा या फरकातच असते. आपले घर नुकतेच हद्दवाढीत आलेल्या भागात असेल, तर ग्रामपंचायतीची जुनी कागदपत्रे मुळीच टाकून देऊ नयेत. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आणि नमुना १० ही कराची पावती नव्या दप्तरात नोंद होताना घराचे जुनेपण आणि जुना भरणा दाखवायला उपयोगी पडतात.

मूल्य कसे निघते

मुंबईबाहेरच्या अनेक महानगरपालिकांत आकारणीचा पाया भाडेमूल्य हा आहे. घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवी किती भाडे येईल, असा अंदाज धरतात, त्यातून दुरुस्ती आणि इतर कारणांसाठी कायद्याने १० टक्के वजावट देतात आणि जे उरते ते करयोग्य मूल्य ठरते. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले नसले तरी हिशेब असाच होतो. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे. तिथे शीघ्रसिद्ध गणकातील, म्हणजे शासनाने ठरवलेल्या मालमत्ता दरांच्या तक्त्यातील (रेडी रेकनरमधील), दर पायाभूत धरून चटईक्षेत्र (भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र), वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय यांनुसार मूल्य कमीजास्त होते.

भाडेमूल्याचे एक कल्पित उदाहरण कागदावर मांडून पाहू. घर ६० चौरस मीटरचे आहे, दर चौरस मीटरला महिन्याचे भाडे १५ रुपये धरले आहे आणि सर्व कर मिळून ४० टक्के होतात, असे समजू. वर्षाचे भाडे १०,८०० रुपये झाले, १० टक्के वजा केल्यावर करयोग्य मूल्य ९,७२० रुपये राहिले आणि त्यावर कर ३,८८८ रुपये आला. आता दप्तरात हेच घर चुकून ७५ चौरस मीटर लिहिलेले असेल, तर कर ४,८६० रुपये होतो. जादा ९७२ रुपये, आणि तेही दरवर्षी. वेळेआधी पैसे भरल्याबद्दल एखाद्या ठिकाणी ५ टक्के सूट मिळाली, तर मूळ बिलावर ती १९४ रुपयांच्या आसपास जाते. सूट चुकू नये म्हणून अखेरच्या दिवशी धावपळ करणाऱ्या माणसाने त्याआधी क्षेत्रफळाचा रकाना पाहिला असता, तर पाचपट पैसे वाचले असते.

करयोग्य मूल्य एकच असले तरी त्याच्यावर अनेक करांच्या ओळी असतात. सर्वसाधारण कर हा त्यातला मुख्य. त्याखाली पाण्याशी आणि मलप्रवाहाशी संबंधित कर, अग्निशामक कर, वृक्ष कर अशा ओळी शहरागणिक बदलतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर हे महानगरपालिका केवळ गोळा करते, ते राज्य शासनाचे असतात. यातला रोजगार हमी उपकर बिगरनिवासी वापरावर असतो. आपण त्या घरात फक्त राहत असून बिलात ही ओळ दिसली, तर घर दप्तरात बिगरनिवासी म्हणून चढलेले असण्याची दाट शक्यता आहे.

बिल हाती घेऊन नोंदी तपासणे

हे काम तासाभराचे आहे आणि ते एकदा नीट केले की पुढची काही वर्षे पुन्हा करावे लागत नाही. आपल्या घराचा करआकारणीचा उतारा मागून घ्यावा. बिलावरील मालमत्ता क्रमांक हाच या सगळ्याचा दुवा असतो. उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि हस्तांतरणाची नोंद यांसारख्या सेवा २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहेत. त्यामुळे अर्जाची पोच घेऊन ठरलेल्या मुदतीत कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो सौजन्याने पण ठामपणे वापरावा.

उतारा मिळाल्यावर खरेदीखत आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवून क्षेत्रफळ पडताळावे. इथे दोन गफलती वारंवार होतात. करारात चटईक्षेत्र असते आणि दप्तरात बांधीव क्षेत्र, म्हणजे भिंतींसह मोजलेले, त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही जुळत नाहीत. आपल्या पालिकेचा दर कोणत्या क्षेत्रावर लागतो, हे आधी विचारून घ्यावे. दुसरी गफलत एककाची. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, आणि रूपांतर करताना झालेली चूक नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून भागाकार स्वतः करून पाहावा.

त्यानंतर वापराचा रकाना पाहावा. घरातल्या एका खोलीत कधीकाळी शिकवणी किंवा छोटे कार्यालय चालत असेल, तर पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने त्या भागाची नोंद बिगरनिवासी केलेली असू शकते. तो वापर थांबल्याचे आपण लेखी कळवले नाही, तर दप्तराला ते आपोआप कळत नाही. आमच्या एका नातेवाइकांच्या बिलात तळमजल्यावरचे बंद दुकान सहा वर्षे ‘चालू’ होते. दुकान बंद झाल्याचे गल्लीत सर्वांना माहीत होते, फक्त अर्ज कोणी दिला नव्हता, आणि मागील वर्षांचे पैसे परत मिळवणे त्यांना शेवटपर्यंत जमले नाही.

वाढीव बांधकामाची गोष्ट याच्या उलट असते. गच्चीवरची खोली किंवा बंदिस्त केलेली बाल्कनी आपण कळवली नसली, तरी पुढच्या पाहणीत ती सापडते. नगरपरिषदांत तर दर चार वर्षांनी चतुर्थवार्षिक फेरआकारणी होतेच. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली अनधिकृत बांधकामावर कराच्या दुप्पट शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे, मात्र लहान निवासी बांधकामांना त्यातून सवलत दिलेली आहे. कर किंवा शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झाले, असा एक समज सर्वत्र पसरलेला आहे. तो पूर्णपणे चुकीचा आहे. कराची पावती हा मालकीचाही पुरावा नव्हे, तिच्यावरून एवढेच कळते की कर भरला गेला.

चूक आढळल्यास हरकत

आकारणी नव्याने होते किंवा वाढते तेव्हा नोटीस येते आणि तिच्यात हरकत नोंदवण्याची मुदत दिलेली असते. ही मुदत चुकवू नये, कारण मुदतीतील हरकतीवर सुनावणी देणे कार्यालयाला बंधनकारक असते, तर नंतरचा अर्ज विनंतीच्या वर्गात जातो. अर्ज एका पानाचा असावा. ‘कर फार जास्त आहे’ या वाक्याने काहीही साधत नाही. ‘उताऱ्यात क्षेत्र ७५ चौरस मीटर आहे, नोंदणीकृत करारानुसार ते ६० चौरस मीटर आहे, प्रत्यक्ष मोजणी करून दुरुस्ती व्हावी’ असे लिहावे आणि करार, नकाशा व चालू बिल यांच्या प्रती जोडून दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. सुनावणीच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते, मात्र त्याची मुदत अवघी १५ दिवसांची आहे आणि मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते.

हरकत प्रलंबित असताना बिल भरावे की थांबवावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: भरावे, आणि हरकत कायम ठेवून रक्कम भरत असल्याचे पत्र त्याच दिवशी द्यावे. न भरलेल्या रकमेवर शास्ती चढत राहते, आणि हरकत पूर्ण मान्य झाली नाही तर ती आपल्याच माथी येते.

सवलती

सवलत मिळते ती पात्र असून अर्ज करणाऱ्याला. मुंबईत ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे ५०० चौरस फूट चटईक्षेत्रापर्यंतच्या, निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करातून सूट आहे. ही तरतूद मुंबईपुरती आहे, हे इतर शहरांतील वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला ४० टक्क्यांची सवलत आहे. मधल्या काळात ती बंद झाली होती. २०२३ मध्ये ती पुन्हा लागू झाली, तेव्हा अनेकांना पीटी-३ हा अर्ज पुराव्यांसह भरून द्यावा लागला. सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळ खत, माजी सैनिक, महिलांच्या नावावरील घरे अशा कारणांसाठीही ठिकठिकाणी वेगवेगळ्या सवलती असतात. त्यांच्या अटी आपल्या पालिकेच्या चालू वर्षाच्या ठरावातच पाहाव्यात.

भरणा

कराचे वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते. कर सहामाही हप्त्यांत आगाऊ देय असतो, पहिला हप्ता १ एप्रिलला आणि दुसरा १ ऑक्टोबरला. बिल घरी आले नाही म्हणून कर माफ होत नाही. पालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकला की मागणी दिसते. संदेशातून आलेल्या दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी पत्ता स्वतः टाइप करावा. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावरचे नाव आणि घर क्रमांक वाचावा. एक अंक चुकून शेजाऱ्याचा कर भरला गेल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत, आणि ती रक्कम वळती करून घेताना बरेच हेलपाटे होतात. खात्यातून पैसे गेले पण पावती निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहार क्रमांक जपून ठेवून एक-दोन दिवसांनी थकबाकी पुन्हा पाहावी. धनादेश वटला नाही तर भरणा झालाच नाही असे धरतात, हेही लक्षात असू द्यावे.

महानगरपालिकांत विलंबाची शास्ती दरमहा २ टक्के असते. वरच्या उदाहरणातील ३,८८८ रुपये वर्षभर राहिले, तर सुमारे ९३३ रुपये वाढतात. मागणी नोटिशीनंतरही रक्कम आली नाही तर जप्तीची कारवाई होऊ शकते. अधूनमधून अभय योजना जाहीर होतात आणि शास्तीचा काही भाग माफ होतो, पण मूळ कर सुटत नाही आणि योजना येईलच या भरवशावर थांबणे महागात पडू शकते.

घर भाड्याने दिलेले असेल, तर मालकाने प्रत्यक्ष भरलेला कर, ज्या वर्षी भरला त्या वर्षीच्या भाडे उत्पन्नातून आयकरासाठी वजा होतो. त्यामुळे पावती मालकाच्या फायलीत असायला हवी.

घर विकत घेताना आणि वारसाहक्काने आल्यावर

मालमत्ता कराचा बोजा घरावर असतो. जुन्या मालकाची थकबाकी खरेदीनंतर नव्या मालकाच्या दारात येते, म्हणून व्यवहारापूर्वी थकबाकी नसल्याचा दाखला मागावा आणि तो चालू सहामाहीपर्यंतचा आहे का, हे पाहावे. खरेदीनंतर तीन महिन्यांत हस्तांतरणाची सूचना पालिकेला द्यायची असते, मालकाच्या मृत्यूनंतर वारसांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. खरेदीच्या बाबतीत सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातून मिळणारा व्यवहाराचा उतारा) आणि खरेदीखत, तर वारसांच्या बाबतीत मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा लागतो. अर्ज देताना मोबाइल क्रमांकही बदलून घ्यावा, नाहीतर बिलाचा संदेश पुढची कित्येक वर्षे जुन्या मालकाच्या फोनवर जात राहील.